इलेक्ट्रिक बस हव्यातच, पण फेऱ्या कमी होऊ नयेत: हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

मुदत जवळ आली आहे म्हणून थोडं घाईत लिहितेय. आमच्या भागातल्या बसमार्गांच्या फेररचनेचा आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला झाला आहे. डिझेलच्या जुन्या गाड्या जाऊन इलेक्ट्रिक येणार, आणि त्याच वेळी आमची थेट स्टेशनला जाणारी बस अर्ध्यात तोडून पुढे दुसरी बस पकडायची, असं त्यात आहे.

नव्या गाड्यांना माझा मनापासून पाठिंबा आहे. आमचा थांबा शेवटचा. बस तिथे इंजिन चालू ठेवूनच उभी राहते आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर काजळीचा थर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. विजेवर एवढ्या गाड्या चालतील का, असं काही शेजारी विचारतात. चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीपर्यंत आपल्या सगळ्या, म्हणजे १६ हजारांहून जास्त बस विजेवर आणल्या, हे मी त्यांना सांगते.

माझी काळजी वेगळी आहे. आराखड्यात गाड्या किती घेणार ते लिहिलंय, पण दर किती मिनिटांनी सुटणार याचा कुठेच उल्लेख नाही. जाऊन-येऊन, चालकाच्या विश्रांतीसकट दोन तास लागणारा मार्ग धरा. दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर १२ गाड्या सतत रस्त्यावर लागतात. त्यातल्या चार दुपारी चार्जिंगला आगारात गेल्या की बस १५ मिनिटांनी येणार. आगार लांब असेल तर जाण्यायेण्यात रिकामी धाव वाढते, ती वेगळीच. शिवाय एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल हे एसी, चढ आणि गर्दीवर ठरतं, आणि बॅटरी जुनी होते तसा तो पल्ला कमी होत जातो. म्हणजे राखीव गाड्या किती, चार्जिंग रात्री होणार की दिवसाही, हे कळल्याशिवाय गाड्यांच्या संख्येला काही अर्थ नाही.

मार्ग तोडण्याला माझा सरसकट विरोध नाही. लांबलचक मार्गावर एका चौकात बस अडकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं, मग दोन-दोन गाड्या एकामागोमाग येतात आणि नंतर बराच वेळ थांबा रिकामाच. मार्ग छोटे केले की हे कमी होतं, मान्य. पण बदलीचा थांबा रुंद रस्त्याच्या पलीकडे दाखवलाय. काठी टेकत चालणाऱ्या आमच्या शेजारच्या आजींनी तो रस्ता कसा ओलांडायचा? आणि पहिली बस पाच मिनिटं उशिरा आली म्हणून पुढची चुकली, तर माणूस दुसऱ्या महिन्यात दुचाकी घेतो. मग स्वच्छ बस आणून हवा कशी सुधारणार?

ज्यांनी अशा हरकती लिहिल्यात किंवा वाहतूक नियोजनात काम केलंय, त्यांनी कृपया सांगावं:

दोन फेऱ्यांमधलं जास्तीत जास्त अंतर आराखड्यातच लिहून घ्या, अशी मागणी करता येते का? की ते वेळापत्रकाच्या वेळी बघू म्हणून टोलवतात?

गाड्या खाजगी कंत्राटदाराच्या असतील आणि त्याला किलोमीटरमागे पैसे मिळणार असतील, तर रद्द झालेल्या फेरीला दंड असतो का? करारातलं नेमकं कोणतं कलम मागायचं?

सोसायटीचं सह्यांचं एकच निवेदन द्यावं की प्रत्येकाने वेगळं पत्र? मला दुसरं जास्त योग्य वाटतं, कारण कॉलेजची मुलं, रात्रपाळीवाले आणि म्हातारी माणसं, सगळ्यांच्या अडचणी वेगळ्या आहेत.

थांब्यावर उभं राहून बस येण्याच्या वेळा टिपायला आम्ही काही जणींनी सुरुवात केली आहे. त्या वहीचा हरकतीत पुरावा म्हणून उपयोग होईल का, आणि वेळेबरोबर आणखी काय टिपावं? पत्राचा मसुदा तयार झाला की इथेच टाकते, त्यात चुका दिसल्या तर जरूर दाखवा.