स्क्वेअर टू राउंड उलगडत नाहीये, लॉफ्टमध्ये काय चुकतंय?

रबाळे_फॅब:
रबाळे एमआयडीसीत छोटं शॉप आहे आमचं. हॉपर (माल खाली सोडायचं नरसाळं) करतोय, वर ६०० चौकोन, खाली बाहेरून ४०० व्यासाचा गोल, उंची ५००, पत्रा ३, सगळं मिमीत. कॅडमध्ये चौकोन ते गोल सरळ लॉफ्ट मारला (दोन आकार जोडून मधला पृष्ठभाग बनवणारी कमांड) तर अनरोल होईना, म्हणजे उलगडून सपाट पत्रा मिळेना, मग जबरदस्तीने सपाट करायची कमांड वापरून डीएक्सएफ (कटिंगची ड्रॉइंग फाइल) लेझरवाल्याला दिली. वाकवून बघतो तर बाजू फुगलेली आणि गोल तोंडाचा परीघ तिथे बसणाऱ्या फ्लँजपेक्षा (जोडायच्या कड्यापेक्षा) ९-१० मिमी जास्त. दोन शीट भंगारात. बाबा सकाळपासून ऐकवतायत, कंपास घेतला असतास तर माल गेला असता एव्हाना. सेटिंग कुठलं बदलू?

वाकडी_रेघ:
सेटिंगचा प्रश्नच नाही, तुमचा आकारच उलगडणारा नाहीये. सरळ रेघांनी बनलेला सरफेस सपाट होतोच असं नाही, पॉवर प्लांटचा कूलिंग टॉवर बघा, सरळ रेघांतून बनतो पण पत्रा न ताणता तसा वाकवून दाखवा! रेघेच्या एका टोकाला टेकवलेला पुठ्ठा दुसऱ्या टोकापर्यंत तसाच टेकलेला राहिला तरच उलगडेल, तुमच्या लॉफ्टमध्ये तो वाटेत पिळतोय. गणितज्ञ गाउसने १८२७ मध्येच सिद्ध केलंय की न ताणता कितीही वाकवा, गाउसियन कर्व्हेचर (दोन मुख्य दिशांच्या वाकांचा गुणाकार) बदलत नाही, आणि सपाट पत्र्याचं ते शून्य. लॉफ्ट काढून टाका. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर एक सपाट त्रिकोण, टोक गोलावर, आणि प्रत्येक कोपऱ्यातून पाव गोलापर्यंत तिरका शंकू. चार अधिक चार, संपलं. गोलाची स्पर्शरेषा त्या टोकाशी चौकोनाच्या बाजूला समांतर असते म्हणून त्रिकोण आणि शंकू धार न पडता जुळतात.

जुना_फिटर:
सगळं बरोबर पण ते ९-१० मिमी राहिलंच की. ३.१४ गुणिले ३ करून बघ बाळा, ९.४. तू बाहेरच्या ४०० वर काढलंस, पत्रा ३ चा आहे, मधल्या जाडीवर म्हणजे ३९७ वर काढायचं. लॉफ्ट सुधारलास तरी हे राहिलंच असतं. आणि जोड कोपऱ्यावर घेऊ नकोस, सपाट त्रिकोणाच्या मधोमध घे, वेल्डरला सोपं.

रबाळे_फॅब:
काका, ३९७ वर काढलं, त्रिकोण-शंकू करून, आणि अनरोल पहिल्या झटक्यात!! आधी ४०० वरच काढून मोजलं होतं तेव्हा कोपऱ्यापासून त्रिकोणाच्या टोकापर्यंत ५९१.६ आणि शंकूच्या मधोमध ५४८ आलं होतं. बाबांनी कागदावर कंपासने काढलं, त्यांचंही ५४८. आता ते म्हणतायत कॉम्प्युटरने माझं बघून काढलं.