डीएक्स-सेव्हन: सेल काढण्याआधी आवाज उतरवून घ्या (सोसायटी ग्रुप)

मृणाल, सी-३०४ (रात्री ८:४०)
नमस्कार मंडळी. बाबांचा जुना यामाहा डीएक्स-सेव्हन (सिंथेसायझर कीबोर्ड) दुरुस्तीला द्यायचाय. आतला सेल बदलावा लागणार आणि बदलला की आतले आवाज जाणार, असं कळलं. बाबांनी बनवलेली सनई, पेटी, घंटा असं बरंच आहे त्यात. कॉपी करून ठेवता येतं का? मागे पेन ड्राइव्हला जागाच नाही.

नितीन, बी-५०१ (८:५२)
कुठून असणार, १९८३चं मॉडेल ते! मागे पाच पिनांची तीन गोल सॉकेटं दिसतील: मिडी इन, आउट, थ्रू. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती भाषा. आवाज तिथूनच बाहेर काढायचे. लॅपटॉप आणि यूएसबी-मिडी इंटरफेस (दोघांना जोडणारी तार), एवढंच लागतं.
आवाज म्हणजे इथे रेकॉर्डिंग नव्हे हं. प्रत्येक आवाज हा आकड्यांचा तक्ता आहे: सहा ऑपरेटर (मूळ लहरी), त्या जोडायच्या ३२ पद्धतींपैकी एक (अल्गोरिदम), आवाजाचा चढ-उतार (एन्व्हलप), कंप (एलएफओ) आणि १० अक्षरांचं नाव. आतल्या ३२ आवाजांचे तक्ते सिस्एक्स नावाच्या एकाच संदेशात बाहेर पडतात. तेच डंप.

वैद्य काका, ए-२०३ (८:५५)
मृणाल, आधी सेल किती उरलाय ते बघ. फंक्शन बटण, मग १४ नंबर. स्क्रीनवर व्होल्ट येतील.

मृणाल (९:०१)
२.४

वैद्य काका (९:०२)
नवा सेल ३च्या थोडा वरच दाखवतो. मी असतो तर २.४ वर एक रात्रही काढली नसती. डंप आजच घे. आणि डंप हातात येईपर्यंत वाद्य दुकानात पाठवू नकोस, ते आधी सेलच काढतील.

नितीन (९:०६)
माझा इंटरफेस घेऊन जा, टेबलावर काढून ठेवलाय. लिहितो ते क्रमाने कर.
फक्त एकच तार जोड: कीबोर्डच्या मिडी आउटमधून इंटरफेसच्या इनमध्ये. कीबोर्डच्या मिडी इनला आत्ता काहीही लावायचं नाही. चुकून लॅपटॉपकडून उलटी बँक (३२ आवाजांचा संच) गेली तर ३२चे ३२ आवाज एका झटक्यात बदलतील. मेमरी प्रोटेक्टही (आतले आवाज बदलू न देणारं कुलूप) चालूच राहू दे.
आता फंक्शन, मग ८. मिडी चॅनल दिसेल, तो १ ठेव. पुन्हा ८, 'सिस इन्फो अनअव्हेल' येईल. येस दाबून 'अव्हेल' कर. पुन्हा ८, आता 'मिडी ट्रान्समिट ?' विचारेल. इथे थांब! लॅपटॉप ऐकायला बसल्याशिवाय येस नाही.
विंडोजवर मिडी-ऑक्स हा प्रोग्रॅम घे. मिडी डिव्हाइसेसमध्ये इनपुटला इंटरफेस निवड, सिस्एक्सची खिडकी उघड आणि 'रिसीव्ह मॅन्युअल डंप' लाव. मग कीबोर्डवर येस. सव्वा-दीड सेकंदात खेळ संपतो. मिडीतून सेकंदाला ३१२५ बाइट जातात, त्या हिशेबाने.

रोहन, डी-६०२ (९:१०)
मॅक असेल तर सिस्एक्स लायब्रेरियन. त्यात 'रेकॉर्ड वन' दाबून ठेवायचं, बाकी तेच.
आणि ज्या इंटरफेसला डब्बी नसते, नुसत्या दोन गोल पिना लोंबत असतात, त्यावर 'इन' लिहिलेली पिन बहुतेक वेळा कीबोर्डच्या आउटमध्ये जाते. लिहिलेलं इंटरफेसच्या बाजूने असतं. काहीच येत नसेल तर आधी पिना बदलून बघायच्या, सेटिंग नंतर.

मृणाल (९:४८)
झालं वाटतं! फाइल आली. १६३ बाइट. एवढीशीच असते का?

नितीन (९:५०)
नाही, ही एकाच आवाजाची आहे. सिस इन्फो अव्हेल असताना आवाजाचं कुठलंही बटण दाबलं की डीएक्स-सेव्हन तो एक आवाज आपणहून पाठवून मोकळा होतो. १५५ बाइट आवाजाचे, ८ वेष्टनाचे. तुझा हात आवाजाच्या बटणावर गेला असणार.
पूर्ण बँकेची फाइल बरोबर ४१०४ बाइटची असते. ३२ आवाज गुणिले १२८ म्हणजे ४०९६, अधिक तेच ८. एक बाइट कमी नको, एक जास्त नको. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' बघ. खालचा 'साइज ऑन डिस्क' नाही, तो डिस्कच्या ठोकळ्यांच्या हिशेबाने फुगवून दाखवतो.

रोहन (९:५३)
४१०४ऐवजी मधलाच कुठला तरी आकडा येत राहिला तर दोष बहुधा इंटरफेसचा. स्वस्तातल्या तारा सूर बिनचूक पाठवतात, कारण एक सूर म्हणजे तीन बाइट. हजारो बाइटचा सलग संदेश आला की त्यांचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि मधले तुकडे गळतात. वाजवून बघितलं तर सगळं छान वाटतं, म्हणूनच लोक फसतात.

सुलभाताई, सेक्रेटरी (९:५५)
मंडळी, उद्या टाकी धुणार आहेत, १० ते १ पाणी बंद. बाकी चालू द्या, मी वाचतेय 😊

मृणाल (१०:०७)
४१०४ 🙏🙏

नितीन (१०:०९)
छान. अजून दोनदा घे, वेगवेगळ्या नावांनी. तिन्ही फाइली तंतोतंत सारख्या हव्यात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एफसी, स्लॅश बी आणि दोन फाइलींची नावं दिली की बाइट न् बाइट ताडून सांगतो.
मग डेक्सेड उतरवून घे. फुकट आहे, डीएक्स-सेव्हनचीच नक्कल आहे आणि ही फाइल थेट उघडतो. ३२ नावं नीट वाचता आली पाहिजेत आणि सनई सनईसारखी वाजली पाहिजे. नुसती फाइल असून भागत नाही. ती दुसरीकडे उघडली, वाजली, की मगच सेलला हात लावायचा.

मृणाल (१०:३१)
तिन्ही सारख्या. नावं ३२ दिसतात, १७ नंबरला 'सनई २' आहे. पण डेक्सेडमध्ये ती वेगळी वाजते. बाबांच्या कीबोर्डवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, इथे तुटक येते. कॉपी बिघडली का?

नितीन (१०:३४)
कॉपी ठीक आहे. त्या मॉडेलची खोड आहे ती. घसरण म्हणजे पोर्टामेंटो, आणि एका वेळी एकच सूर म्हणजे मोनो. पहिल्या डीएक्स-सेव्हनमध्ये या दोन्ही गोष्टी आवाजात साठवल्याच जात नाहीत, फंक्शनमध्ये राहतात. पिच बेंडची (सूर वाकवणाऱ्या चाकाची) रेंज आणि मॉड व्हील (शेजारचं कंपाचं चाक) काय करतं तेही तिथेच. त्यामुळे ३२ आवाजांच्या डंपमध्ये यातलं काही येत नाही आणि सेल काढला की तेही जातं.
उपाय अगदी साधा. फंक्शनमध्ये एकेक बटण दाबत जा आणि स्क्रीनचा फोटो काढ: १ मास्टर ट्यून, २ पॉली-मोनो, ३ आणि ४ पिच बेंड, ५ ते ७ पोर्टामेंटो, मग १७ ते ३२ व्हील, फूट पेडल, ब्रेथ, आफ्टरटच. नो किंवा येस दाबू नकोस, नुसतं बघायचं. पंचवीसेक फोटो होतील.

वैद्य काका (१०:३८)
आणि फोटो उजेडात काढ. त्या स्क्रीनवर २ आणि ७ अंधारात सारखेच दिसतात.

रोहन (१०:४०)
वरच्या खाचेत कार्ट्रिज आहे का? रॅम कार्ट्रिज (ज्यात आपले आवाज साठवता येतात) असेल तर त्यातही वेगळे ३२ आवाज असतात आणि त्यालाही स्वतःचा सेल असतो. तो कुणाच्या लक्षातही येत नाही. ते आवाज आत लोड करून वरच्यासारखाच डंप घ्यायचा. मात्र आतल्या बँकेच्या फाइली पक्क्या झाल्यावरच, कारण कार्ट्रिज लोड केलं की आतले ३२ पुसले जातात.

मृणाल (१०:४४)
कार्ट्रिज आहे, पण छापील रॉम लिहिलंय.

रोहन (१०:४५)
मग सोडून दे, रॉममधले आवाज कंपनीनेच कायमचे भरलेले असतात, त्यांना काही होत नाही.

मानसी, बी-१०४ (१०:४९)
मध्येच विचारते. आमच्या ओमचा रोलँड एक्सपीएस-३० आहे. त्यालाही एवढा खटाटोप?

नितीन (१०:५२)
नाही हो वहिनी. त्याला पेन ड्राइव्ह लागतो. मेनूत युटिलिटी, त्यात युजर बॅकअप. पेन ड्राइव्ह लॅपटॉपवर नको, कीबोर्डमध्येच फॉरमॅट करा आणि काम चालू असताना उपटू नका. एकच ध्यानात ठेवा: रिस्टोर केलं की आत्ताचे युजर आवाज सगळे जाऊन बॅकअपमधले येतात. एखादाच आवाज परत आणायचा म्हणून रिस्टोर मारलं तर मधल्या महिन्यांतलं काम गेलं. आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ताजा बॅकअप, मग रिस्टोर.

वैद्य काका (१०:५८)
मृणाल, दुरुस्तीवाल्याला सांगायचं ते लिहून घे. सेल सीआर २०३२, बोर्डावर धातूच्या पट्ट्यांनी डाग दिलेला असतो. त्याच जागी होल्डर बसवून मागायचा, म्हणजे पुढच्या वेळी डाग काढायला नको. नुसत्या बटणसेलवर थेट डाग देऊ द्यायचा नाही, तापला तर फुटतो. अधिक-उणे बोर्डावर बघूनच. उघडण्याआधी वायर भिंतीतून काढलेली हवी, नुसता स्विच बंद करून चालत नाही. मागच्या पट्टीवर व्होल्टेजही वाच. जपानच्या बाजारातला नग १०० व्होल्टचा असतो. दुकानात थेट २३० वर लावला तर सेलची चिंताच उरणार नाही.

नितीन (११:०४)
परत आल्यावर पहिल्यांदा चालू करशील तेव्हा नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील, आवाज भलतेच येतील. घाबरू नकोस, रिकाम्या मेमरीत तेच असतं. तेव्हा तार उलटी: इंटरफेसचा आउट ते कीबोर्डचा इन. फंक्शन ८ मध्ये चॅनल १ आणि सिस इन्फो अव्हेल पुन्हा करावं लागेल. मग मेमरी प्रोटेक्टमधलं इंटर्नल दाबून नो, म्हणजे ऑफ. हे राहून गेलं की फाइल जाते आणि कीबोर्ड ढिम्म. बंद करून चालू केलं की प्रोटेक्ट पुन्हा ऑन होतं, म्हणून पाठवायच्या आधी एकदा बघच. त्यानंतर फोटो बघून फंक्शन भर.

मृणाल (११:१२)
फोटो झाले, २७. फाइल दादालाही मेल केली. इथे टाकू का?

नितीन (११:१३)
टाक की, डॉक्युमेंट म्हणून. ग्रुपवरच्या एका सुप्रभातच्या फुलात अशा वीस-पंचवीस बँका मावतील.

मृणाल (११:१५)
📎 बाबा_डीएक्स७_बँक१.एसवायएक्स

वैद्य काका (११:१९)
आली. डेक्सेडमध्ये उघडली. सनई मोनोवर घेतली आणि पोर्टामेंटो दिला, आता बरोबर घसरते. १८ नंबरची पेटीही ऐका कुणीतरी.