विजेने गंज काढायची टाकी : चार्जर करंट देत नाही

जुनी_चाके : जुन्या जीपचे ब्रॅकेट आणि ब्रेक ड्रम साफ करायला ५० लिटरच्या प्लास्टिक पिंपात इलेक्ट्रोलिसिसची टाकी केली आहे. पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, १२ व्होल्टचा ऑटोमॅटिक चार्जर जोडला, पण करंट शून्य. लोखंडी सळईऐवजी स्टेनलेसचा पत्रा लावू का? सोडा किती हवा?

पाना_१४ : स्टेनलेस अजिबात नको! त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी, कर्करोगकारक रूप घेतं. जस्त चढवलेला पत्राही नको. साधी लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला, गंजलेला भाग निगेटिव्हला. उलटं जोडलंत तर तुमचा ब्रॅकेटच झिजेल.

सोडा लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला पाव किलो. जास्त टाकून गंज जास्त निघत नाही, नुसता करंट वाढून चार्जर तापतो. सोड्याऐवजी मीठ कोणी सुचवलं तर ऐकू नका, क्लोरीन सुटतो.

करंट शून्य येण्याचं कारण बहुधा चार्जरच. ऑटोमॅटिक चार्जर आधी बॅटरीचा व्होल्टेज शोधतो, तो मिळाला नाही की आउटपुट चालूच करत नाही. जुन्या पद्धतीचा मॅन्युअल चार्जर वापरा.

जुनी_चाके : मॅन्युअल चार्जर मिळाला. आता ३ अँपिअर दाखवतोय, पण ड्रमची एकच बाजू साफ होतेय.

पाना_१४ : गंज पट्टीच्या समोरच्या बाजूचाच नीट निघतो. पिंपाच्या कडेने चार पट्ट्या उभ्या करून तारेने एकमेकींना जोडा, भागापासून ८-१० सेंमी लांब. पॉझिटिव्ह चिमटा पाण्याबाहेर ठेवा, बुडाला तर तांबं विरघळतं. निगेटिव्ह चिमटा जिथे लावाल तिथे घासून चकचकीत धातू उघडा करा. पट्ट्यांवर तपकिरी थर साचला की करंट पडतो, मग त्या खरवडायच्या.

काळा_प्रायमर : दोन गोष्टी राहिल्या. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे टाकी उघड्यावर ठेवा आणि चिमट्यांना हात लावण्याआधी चार्जर भिंतीवरच बंद करा. ठिणगी पडली तर भडका उडेल. स्प्रिंगा आणि १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे (म्हणजे जास्त ताकदीच्या कडक पोलादाचे) बोल्ट यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि ताण आला की तुटतात. ॲल्युमिनियमही नको, त्याला तर धुण्याचा सोडाच खाऊन टाकतो.

बाहेर काढल्यावर काळा थर वायर ब्रशने घासा, गरम पाण्याने धुवा, सांध्यांतलं पाणी हवेच्या दाबाने उडवा. सांध्यात सोडा राहिला तर तिथला रंग सुटतो. वाळला की लगेच प्रायमर मारा, उघडं लोखंड काही तासांतच पुन्हा लाल पडतं.