मदत हवी आहे : सारापावतीवरील ‘लोकल फंड’ आणि मुंबई कायदेकौन्सिलचा अधिकार (बेळगाव जिल्हा, १९५६ पूर्वी)

नमस्कार.

आमच्या गावच्या मराठी शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम मी गेल्या वर्षी हाती घेतले. गाव खानापूर तालुक्यातले. आज ते कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चाले. पणजोबांच्या पेटीत सारापावत्यांचा एक गठ्ठा मिळाला. त्यातल्या १९२१ सालच्या पावतीवर मोडीत दोन रकमा आहेत : सारा (जमीनमहसूल) आठ रुपये आणि त्याखाली लोकल फंड, म्हणजे साऱ्यावरची स्थानिक कामांसाठीची पट्टी, आठ आणे. शाई एक, अक्षर एक, वसूल करणाराही एकच. तरीही या दोन रकमांवर हुकमत कोणाची होती, याचा उलगडा मला पूर्ण होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मला समजले आहे ते आधी मांडतो. १८६९ च्या मुंबई कायद्याने साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ही पट्टी कायम झाली. तिचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना आणि एक हिस्सा शाळांना जाई. व्हाइसरॉय रिपनच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा लोकल बोर्ड कायदा आला आणि जिल्हा व तालुका बोर्डे अस्तित्वात आली. मात्र वर मुंबईत बसणाऱ्या कायदेकौन्सिलला, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळाला, पैशाच्या बाबतीत फारसा आवाज नव्हता. १८६१ च्या कौन्सिल कायद्यात अंदाजपत्रकावर चर्चेलाही वाव नव्हता, १८९२ मध्ये चर्चा आणि प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, तर १९०९ मध्ये ठराव मांडता येऊ लागले, पण ते मानण्याचे बंधन सरकारवर नव्हते. खर्चाच्या मागण्यांवर प्रत्यक्ष मतदान सुरू झाले ते १९१९ च्या सुधारणांनंतर, म्हणजे नेमके माझ्या हातातल्या पावतीच्या साली.

माझी अडचण इथून पुढे आहे. या सुधारणांनी आलेल्या द्विदल राज्यपद्धतीत खाती ‘सोपवलेली’ आणि ‘राखीव’ अशी विभागली. स्थानिक स्वराज्य आणि शिक्षण ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवली गेली, परंतु जमीनमहसूल आणि अर्थखाते गव्हर्नरच्या राखीव बाजूलाच राहिले. राखीव खात्याची मागणी कौन्सिलने कापली, तरी तो खर्च आवश्यक असल्याचे प्रमाणपत्र देऊन गव्हर्नरला ती रक्कम पुन्हा घालता येई. म्हणजे आमच्या पावतीवरचे आठ आणे सोपवलेल्या खात्याच्या कामासाठी होते, पण ते ज्या आठ रुपयांवर बेतलेले होते त्या रुपयांना मंत्र्याचा हात पोहोचत नव्हता. साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला की लोकल फंड आपोआप वाढणार आणि दुष्काळात सूट मिळाली की शाळेचा पैसा आटणार. कौन्सिलमधल्या कोणी सभासदाने ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला होता का? डॉ. आंबेडकरांनी फेब्रुवारी १९२७ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात, प्राप्तिकरातून लहान उत्पन्नाला सूट मिळते पण सारा मात्र एवढ्याशा तुकड्याच्या शेतकऱ्यालाही चुकत नाही, हा अन्याय दाखवून दिला होता. मला तो मुद्दा या पावतीला थेट लागू पडतो असे वाटते, कारण साऱ्यावरची पट्टीसुद्धा त्याच शेतकऱ्याच्या डोक्यावर बसत होती. या पट्टीबद्दल कौन्सिलमध्ये स्वतंत्र चर्चा झाली असल्यास कृपया वर्ष सांगावे.

दुसरा प्रश्न शाळेशेजारच्या आडाचा आहे. आड लोकल बोर्डाच्या पैशातून खोदला, असे गावातले वृद्ध सांगतात. तो सर्वांना खुला नव्हता, हेही तेच सांगतात. कौन्सिलचे सभासद रावबहादूर बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुली करण्याची शिफारस केली आणि तो न पाळणाऱ्या नगरपालिका व बोर्डांचे अनुदान रोखावे असा पुढचा ठराव १९२६ मध्ये झाला. खर्चावरच्या अधिकाराचा इतका न्याय्य वापर मला त्या काळात दुसरा दिसत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या बोर्डाचे किंवा नगरपालिकेचे अनुदान यामुळे खरोखर अडवले गेले का, हे जाणून घेण्याची मला फार इच्छा आहे. शाळेच्या इतिहासात आडाविषयी मोघम लिहून मला चालणार नाही. ज्यांना त्याचे पाणी मिळाले नाही त्यांची नातवंडे आज त्याच शाळेत शिकतात.

शेवटी दप्तराबाबत. जिल्हा लोकल बोर्डाची अंदाजपत्रके आणि वार्षिक अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात राहिले की राज्यपुनर्रचनेनंतर इकडे कर्नाटकात आले? एका कचेरीत मी दोनदा जाऊन आलो, तिथे जुने बस्ते कोठे आहेत हे कोणालाच सांगता आले नाही. चिकोडी, अथणी किंवा निपाणी भागातल्या कोणी असा शोध घेतला असेल, तर कोणत्या विभागाच्या कोणत्या वर्षांच्या फायली मागाव्यात एवढे कळले तरी मुंबईची एक फेरी सार्थकी लागेल.

पावतीच्या पाठीवर शिक्क्याखाली मोडीत एक ओळ आहे. तिच्यातला ‘शाळा’ हा शब्द लागतो, पुढचे दोन लागत नाहीत. मोडी जाणणाऱ्यांसाठी उद्या छायाचित्र याच धाग्यावर चढवतो.