व्याप्त, अधिकृत, कब्जा की ताबा?

नीरक्षीर

एका मासिकासाठी जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या, इस्रायली सैन्याच्या अमलाखालच्या मुलखावरचा ('वेस्ट बँक') लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले आहे. मूळ लेखात 'ऑक्युपाइड टेरिटरी' पानोपानी येतं. वर्तमानपत्रं 'व्याप्त प्रदेश' लिहितात. मला मात्र व्याप्त म्हटलं की धूर आठवतो. खोली धुराने व्याप्त, मन चिंतेने व्याप्त, चराचर ईश्वराने व्याप्त. व्यापणाऱ्याला हातपाय नसतात, त्याच्या चौक्या नसतात, रांगेत उभं करून कागद तपासणारा त्याचा शिपाई नसतो. 'पाकव्याप्त काश्मीर'मुळे शब्द रुळला हे खरं, पण तो समासातच रुळला. सुटा 'व्याप्त' अजून देवघरातलाच वाटतो.

दुसरी अडचण किरकोळ आहे, तरी सांगते. 'वेस्ट बँक'चं 'पश्चिम किनारा' केलेलं मी छापील मजकुरात पाहिलं आहे. समुद्राला किनारा, नदीला काठ. 'पश्चिम किनाऱ्यावर तणाव' वाचून आमच्या घरी रत्नागिरीला फोन लावायची वेळ आली होती.

खोडरबर

काठच. त्यात चर्चेला जागा नाही.

व्याप्तबद्दल: निदान 'अधिकृत'पेक्षा तरी बरा. हिंदी बातम्यांत 'पाक अधिकृत कश्मीर' म्हणतात. हिंदीत अधिकृत म्हणजे ज्यावर अधिकार बसवला आहे असं. मराठीत अधिकृत म्हणजे सरकारमान्य, शिक्क्याचं. हिंदी मजकूर घाईत मराठीत आणणारे ते तसंच ठेवतात, आणि आपण ज्या गोष्टीला बेकायदा म्हणतो तिला आपल्याच तोंडाने मान्यता देऊन बसतो. मी एका पत्रकात 'चीन अधिकृत प्रदेश' वाचलं आहे. छापणारा कडवा देशभक्त होता.

अवांतर: सीमेपलीकडे उर्दूत आपल्या बाजूच्या काश्मीरला 'मकबूजा कश्मीर' म्हणतात आणि त्यांच्याकडच्या भागाला 'आझाद'. मकबूजा, कब्जा, काबीज ही सगळी एका अरबी धातूची पोरं. मूळ अर्थ मुठीत धरणं. उर्दूत तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणतात. म्हणजे आपल्या व्याप्तात धूर आणि त्यांच्या मकबूजात तलवार.

तलाठीआप्पा

नीरक्षीरताई, वर्तमानपत्रं ठेवा बाजूला आणि सातबारा काढा. तीस वर्षं महसुलात काढली, म्हणून बोलतो.

आपल्याकडे मालकी वेगळी आणि ताबा वेगळा, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. जुन्या उताऱ्यात नमुना सातवर नाव एकाचं असायचं आणि नमुना बारावर 'जमीन करणाराचे नाव' दुसऱ्याचंच. भांडणं सगळी या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत. त्यामुळे 'ताबा' म्हटलं की ऐकणारा आपोआप पुढचा प्रश्न विचारतो, "आणि मालक कोण?" व्याप्त म्हटल्यावर हा प्रश्न कोणी विचारत नाही.

शिवाय इंग्रजीतल्या ऑक्युपंटला महसूल कायद्याने शब्द दिलेला आहेच. भोगवटादार. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ उघडून पाहा. वर्ग एक, वर्ग दोन. फ्लॅटवाल्यांना हवं असतं ते भोगवटा प्रमाणपत्र याच घराण्यातलं.

तळटीप

आप्पांनी विनोद म्हणून लिहिलं असेल, पण ते कायद्याला चिकटून आहे. १९०७च्या हेग नियमावलीतल्या (युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम) ४२व्या कलमाप्रमाणे, शत्रुसैन्याचा अंमल एखाद्या प्रदेशावर प्रत्यक्ष बसला की तो प्रदेश ताब्यातला. अंमल जेवढ्या भागात चालतो तेवढ्यापुरताच. सैन्य का आलं, न्यायाने आलं की अन्यायाने, हे हे कलम विचारत नाही. म्हणजे ही स्थितीची नोंद आहे, शिवी नव्हे. वादावादीत लोक हा शब्द शिवी म्हणून फेकतात आणि समोरचेही शिवी म्हणूनच झेलतात.

आता ५५वं कलम. ताबा घेणाऱ्याने तिथल्या सरकारी इमारती, जंगलं, शेतजमिनी यांचा कारभार पाहावा, उत्पन्न खावं, मूळ भांडवल मात्र राखावं. फळ खा, झाड तोडू नको. भोगवट्याची याहून नेमकी व्याख्या मला मराठीत सापडत नाही. आणि १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं ४९वं कलम आप्पांच्या भाषेत सांगायचं तर, ताब्यातल्या जमिनीवर आपल्या घरची कुळं आणून बसवायची नाहीत.

तलाठीआप्पा

म्हणजे भोगवटादार वर्ग दोन. परवानगीशिवाय विकता येत नाही.

फरक एकच. आपल्याकडे बारा वर्षं उघड, बिनबोभाट ताबा ठेवला तर मालकाचा दावा मुदतीत बसत नाही. तिकडे तसलं काही आहे का?

तळटीप

नाही. लष्करी ताबा कितीही जुना झाला तरी त्याची मालकी होत नाही. १९६७च्या नोव्हेंबरात सुरक्षा परिषदेने जो २४२ क्रमांकाचा ठराव केला, त्याच्या प्रस्तावनेतच युद्धाने प्रदेश मिळवणं अमान्य ठरवलं आहे. पण भाषेची खरी मौज त्याच ठरावात पुढे आहे. इस्रायली सैन्याने अलीकडच्या संघर्षात ताब्यात घेतलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं तो म्हणतो. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. फ्रेंच मसुद्यात 'दे तेरितुआर' आहे, त्याचा सरळ अर्थ 'त्या प्रदेशांतून'. एक पक्ष म्हणतो 'द' नाही, म्हणजे सगळ्या प्रदेशांतून असं म्हटलेलंच नाही. दुसरा म्हणतो फ्रेंच वाचा. पन्नासहून अधिक वर्षं एका उपपदावर वाद चालू आहे.

मराठीत उपपदच नाही. 'प्रदेशांतून' लिहिलं की दोघेही खूश किंवा दोघेही नाराज. नीरक्षीर, तुमच्या लेखात हा ठराव आला असेल तर तिथे सरळ भाषांतर चालणार नाही. 'द' नसल्याचं वाक्यात सांगावं लागेल.

नीरक्षीर

आलाय. आणि मी निमूट 'प्रदेशांतून' लिहून पुढे गेले होते. धन्यवाद.

'ताबा' मला पटत चालला आहे. मूळ अरबी 'ताबे', म्हणजे मागोमाग चालणारा, हुकमातला. म्हणजे या शब्दात जमिनीपेक्षा माणसं आधी आहेत. लेखात पुढे १९६७च्या ऑगस्टमधला लष्करी आदेश क्रमांक १०१ येतो. दहा किंवा त्याहून अधिक माणसांनी राजकीय विषयावर जमायचं असेल तर लष्करी अधिकाऱ्याचा परवाना, राजकीय मजकूर छापायलाही परवाना, झेंडा लावायलाही परवाना. याला 'जमावबंदी' म्हणावं की 'मुस्कटदाबी'? पहिला फार सरकारी वाटतो आणि दुसऱ्यात माझं मत डोकावतं.

खोडरबर

आदेशाला जमावबंदी, परिणामाला मुस्कटदाबी. एकाच वाक्यात दोन्ही नकोत. झेंड्याच्या बंदीतून कलिंगड कसं आलं तेही घ्या. पॅलेस्टिनी झेंड्याचे लाल, हिरवा, पांढरा, काळा हे चारही रंग एका फोडीत. आज लोक फोनवरून कलिंगडाचं चित्र पाठवतात ते उगाच नाही.

सडेतोड

चर्चा वाचली. 'ताबा म्हणजे नुसती नोंद' हे तत्त्व मान्य केलं तर उद्या कोणी गोव्यालाही लावेल. १९६१ साली भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, मग तोही लष्करी ताबा का? शब्द जपून वापरा. सत्याग्रहात लोकांनी गोळ्या खाल्ल्या आहेत.

मांडवीपार

लावेल कशाला, लावून झालं आहे. आणि थेट सर्वोच्च न्यायालयात.

मोन्तेरो नावाच्या एका पाद्रीबाबांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखलं होतं आणि राहायचे गोव्यातच. परकीय नागरिकांच्या कायद्याखाली खटला झाला, शिक्षा झाली. त्यांचं म्हणणं होतं की गोवा हा जिनिव्हा कराराच्या अर्थाने ताब्यातला प्रदेश आहे, तेव्हा त्या कराराचं संरक्षण मला आहे. निकाल १९६९ साली लागला. न्यायालयाने हा शब्द ऐकून कानांवर हात ठेवले नाहीत. लष्करी ताबा ही तात्पुरती अवस्था असते, प्रदेश देशात सामील करून घेतला की ती संपते, आणि गोव्यापुरती ती संपलेली आहे, अशा वाटेने जाऊन त्यांचं म्हणणं फेटाळलं. मध्ये काही महिने मेजर जनरल कँडेथ हे लष्करी गव्हर्नर होतेच. जून १९६२मध्ये नायब राज्यपाल आले.

आता उलट बाजू. पोर्तुगालमध्ये याच घटनेला 'इन्व्हाझांव', म्हणजे आक्रमण, म्हटलं गेलं. तिथला हुकूमशहा सालाझार याने तर आधीच शब्दांची तटबंदी करून ठेवली होती. १९५१ साली राज्यघटना बदलून 'वसाहती' हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला सागरापलीकडचा प्रांत केलं. वसाहतच नाही म्हटल्यावर ती सोडायचा प्रश्न येतो कुठे! आणि या तथाकथित प्रांतात साधी जाहीर सभा घ्यायची सोय नव्हती. १८ जून १९४६ला मडगावात लोहिया आणि जुलियांव मिनेझिस बोलायला उभे राहिले, ते आधी या बंदीविरुद्ध. नीरक्षीरताईंच्या आदेश १०१ची जात तीच.

शेवटी ३१ डिसेंबर १९७४च्या करारात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तेही तिथली हुकूमशाही कोसळल्यावर.

मुक्ती हा माझाही शब्द आहे. घरात दुसरा कोणी वापरत नाही. पण १९ डिसेंबर १९६१च्या संध्याकाळी पणजीत काय होतं, असं कायद्याने विचारलं, तर उत्तर लष्करी ताबा. त्यात मला अपमान दिसत नाही.

सडेतोड

निकालाबद्दल माहीत नव्हतं. तरीही शाळेच्या पुस्तकात 'मुक्ती'च हवी या मतावर ठाम आहे.

मांडवीपार

पुस्तकात मुक्तीच असू दे. मी कुठे काढा म्हटलं?

गोदाकाठ

आमच्याकडे याच्या उलटं आहे. सरकारी शब्द 'मराठवाडा मुक्तिसंग्राम', १७ सप्टेंबरला झेंडावंदन. घरातला शब्द मात्र 'पोलीस ॲक्शन'. आजी वयं त्यावर मोजायची. "हा ॲक्शनच्या वेळी पाळण्यात होता, ती ॲक्शननंतरची." त्याआधीचा काळ म्हणजे 'रझाकारी'. त्या ॲक्शनमध्ये पोलीस किती होते? १३ सप्टेंबर १९४८ला शिरलं ते सैन्य, रणगाड्यांसकट. पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली आणि मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. पोलीस म्हटलं की घरातला मामला होतो, बाहेरच्याने नाक खुपसायचं कारण राहत नाही.

ही युक्ती आपली एकट्याची नाही. डचांनी इंडोनेशियावर १९४७ आणि १९४८ अशा दोन लष्करी मोहिमा काढल्या, त्यांनाही डच भाषेत 'पोलीस कारवाया'च म्हणत. कोरियात अमेरिकेचं सैन्य लढत होतं तेव्हा अध्यक्ष ट्रुमननीही हाच शब्द पत्करला. पोलिसांवर फार ओझं टाकलंय जगाने.

आणि ॲक्शननंतर खेड्यापाड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. 'मुक्ती' या शब्दात तो मावत नाही आणि 'पोलीस ॲक्शन'मध्येही नाही. आमच्या गावात त्याला शब्दच नाही, लोक फक्त विहिरीकडे हात करतात.

खोडरबर

गोदाकाठ, यावर काय लिहावं कळत नाही.

कारवाईवरून आठवलं ते टाकून ठेवतो. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवर सैन्य घातलं, त्याचं सरकारी नाव 'विशेष लष्करी कारवाई'. माध्यमांना 'युद्ध' आणि 'आक्रमण' हे शब्द वापरायची मनाई झाली. ४ मार्चला कायदा आला, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' दिली तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. मॉस्कोतला एक नगरसेवक, अलेक्सेई गोरिनोव, पालिकेच्या बैठकीत त्याला युद्ध म्हणाला, त्याला सात वर्षं झाली. मग लोकांनी फलकांवर नुसत्या चांदण्या काढल्या. आधी तीन, मग पाच. रशियनमध्ये 'युद्ध नको'ची अक्षरं तेवढीच होतात. चांदण्या धरणाऱ्यालाही पोलिसांनी उचललं. म्हणजे पोलिसांनाही वाचता येत होतं.

नीरक्षीर

सगळं वाचून असं ठरवलं आहे: पहिल्या उल्लेखाला 'लष्करी ताब्यातला प्रदेश', पुढे 'ताब्यातला'. 'व्याप्त' फक्त 'पाकव्याप्त'पुरता, कारण तो आता विशेषनामच झाला आहे. देशात सामील करून घेणं याला 'विलीनीकरण' लिहिणार नाही. विलीन म्हणजे मीठ पाण्यात विरघळावं तसं, मिठाची तक्रार नसताना. पूर्व जेरुसलेमसाठी 'खालसा करणे' वापरते. डलहौसीने सातारा खालसा केला तेव्हापासून या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पण एक घोळ उरलाच. ताबा घेणाऱ्याला काय म्हणू? ताबेदार म्हणता येत नाही, मराठीत ताबेदार म्हणजे आज्ञेतला चाकर. जुन्या पत्रांखाली 'आपला ताबेदार' असायचं. ज्याचा ताबा तोच ताबेदार, असा उलटा प्रकार होईल.

तलाठीआप्पा

कब्जेदार लिहा. 'कब्जेदार सदरी नाव' हे आम्ही रोज लिहायचो. फक्त मूळ मालकाचं नाव इतर हक्कांत तरी राहू द्या. एकदा फेरफारात सुटलं की पुढच्या उताऱ्यात येत नाही, आणि मग पोरं चकरा मारत बसतात.

नीरक्षीर

कब्जेदार. झालं. लेख शुक्रवारी द्यायचा आहे आणि 'सेटलर'ला, म्हणजे ताब्यातल्या जमिनीवर येऊन बसलेल्या कब्जेदाराच्या माणसांना, अजून शब्द नाही. 'वसाहतवाले' म्हटलं की आमच्या मागची पोलीस वसाहत डोळ्यांपुढे येते. कोणाला काही सुचलं तर लिहा.

मांडवीपार

'वसाहतकरी' चालेल का? आमच्याकडे जमीन कसतो तो शेतकरी, म्हणून सुचलं.