पद्मिनीच्या मीटरचा काटा नाचतोय, मीटर बदलू की केबल?

रविवारची_पद्मिनी
नमस्कार मंडळी, घरी 1989 ची प्रीमियर पद्मिनी आहे, बाबांनी घेतलेली, आता रविवारी मीच फिरवतो. प्रॉब्लेम असा की 30 च्या पुढे गेलं की स्पीडोमीटरचा काटा वेड्यासारखा नाचतो, गाडी 40 ने चाललेली असते आणि काटा 25 पासून 60 पर्यंत कुठेही, वर डॅशबोर्डच्या मागून टिक टिक टिक आवाज, वेग वाढवला की टिकटिक पण वाढते. किलोमीटरचे आकडे मात्र नीट सरकतायत. मध्ये डॅशबोर्डचं वायरिंग नवीन करून घेतलं, तेव्हापासून जास्तच झालंय. फिटर म्हणतो मीटर गेला, जुन्या बाजारात दुसरा बघा. ओरिजिनल मीटर काढायचं जीवावर आलंय, आधी काय तपासू?

ग्रीसवाले_काका
अरे थांब, मीटरला इतक्यात हात लावू नकोस. आकडे फिरतायत म्हणजे गिअरबॉक्समधलं पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं दातेरी चाक, शाबूत आहे आणि केबल तुटलेली नाही, एवढं घरबसल्या कळलं. काटा आणि आकडे दोन्ही ठप्प असते तर केबल नाहीतर पिनियन. आकडे चालू आणि काटा मेलेला असता तर दुखणं मीटरच्या पोटात. तुझं दोन्ही चालू आहे आणि काटा नाचतोय, हे बहुतेक वेळा केबलचंच असतं.

होतं असं की आतली वायर कोरडी पडली किंवा कुठे मुरगळली की ती एकसारखी फिरत नाही, जरा अडकते, पीळ साठतो, मग झटक्यात सुटते. तो झटका काट्याला दिसतो आणि तुला टिक म्हणून ऐकू येतो. वायरिंगवाल्याने मीटर बाहेर ओढून परत कोंबला असणार, त्यात केबल मीटरच्या मागेच काटकोनात वळली असेल. वळण मोठं पाहिजे, साधारण 15 सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा कमी नको, आणि वायरच्या जुडग्याबरोबर केबल टायने करकचून बांधलेली असेल तर तो टाय आधी काप.

मग मीटरमागचा नट सोडून आतली वायर ओढून काढ, पुसून घे आणि लादीवर ठेवून तळहाताने लाट. सरळ वायर गुपचूप लोळते, मुरगळलेली असेल तर त्या जागी टुणकन उडी मारते. तशी असेल तर सरळ करत बसू नकोस, टाकून दे, नवीन घाल. चांगली असेल तर ग्रीसचा पातळ हात दे, पण मीटरकडची वरची वीतभर कोरडी ठेव. लक्षात ठेव, वरची वीतभर कोरडी.

जुनं_लोखंड
काकांचं बरोबर आहे पण मीटर अगदीच सोडून देऊ नका. माझ्या अँबेसेडरला उलटं झालेलं, गाडी सुटली की काटा थेट शेवटच्या आकड्याला जाऊन चिकटायचा. गिअरबॉक्सकडचं सील गेलेलं, ऑइल त्या पिळाच्या वायरवरून चढत चढत मीटरमध्ये पोचलं. वरची वीतभर कोरडी का ठेवायची ते यातच आलं, ग्रीसही तसंच चढतं.

मीटरच्या आत केबल एक लोहचुंबक फिरवते आणि त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात, त्याने वाटी ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते, या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो आपला वेग. ओटो शुल्झे नावाच्या माणसाने 1902 मध्ये जर्मनीत याचं पेटंट घेतलं, आपल्या गाड्यांत शेवटपर्यंत तेच चाललं. आता त्या बारीक फटीत ऑइल गेलं की चुंबक वाटीला सोबत घेऊन फिरतो, काटा जाणारच वर. म्हणून मीटरच्या मागे डब्ल्यूडी-40 चे फवारे मारणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका मारू. केबल काढलीच आहे तर मीटरकडच्या टोकाला ऑइल दिसतंय का बघ. दिसलं तर आधी खालचं सील, नाहीतर वर कितीही साफ करा परत तेच.

बीटल_म्हापसा
आमच्या बीटलला केबल गिअरबॉक्समधून येतच नाही, पुढच्या डाव्या चाकाच्या टोपीतून येते, तिथली बारकी क्लिप पडली की मीटर बंद, त्यामुळे मला ही कामं पाठ झालीत. मीटर चांगला आहे का ते बघायला ड्रिल मशीन लावता येतं, वायरचा तुकडा चकमध्ये धरायचा आणि हळू फिरवायचा. पण आधी केबल सोडून चाक हाताने पुढे फिरवून बघ वायर कुठल्या दिशेला फिरते, ड्रिल उलटं फिरवलंस तर काटा शून्यालाच दाबून राहतो. सेकंडहँड गाड्या विकणाऱ्या काही लोकांना त्या उलट्या दिशेचे दुसरे उपयोग माहीत आहेत, असो. ड्रिलवर काटा स्थिर राहिला तर मीटर निर्दोष, विषय संपला.

आणि नवीन केबल घेतलीस तर आतली वायर कव्हरच्या बाहेर किती येते ते जुनीशी ताडून बघ. जास्त लांब असेल तर नट आवळल्यावर ती मीटरच्या दांड्याला आत रेटते आणि चांगला मीटर खराब करते.

रविवारची_पद्मिनी
सगळ्यांचे आभार! काका, तुम्ही म्हणालात तस्संच निघालं, केबल मीटरच्या मागे दाबली गेलेली आणि वर दोन टाय. वायर लादीवर लाटली तर एका जागी मस्त उडी मारली. ऑइल नव्हतं. नवीन केबल टाकली, आता काटा शांत, टिकटिक बंद. पण आता नीट वाचता यायला लागल्यावर नवीनच दिसलं, मीटर 80 दाखवतो तेव्हा फोनचं जीपीएस 74 म्हणतं. कायम तेवढाच फरक. मीटर उघडावाच लागणार का?

ग्रीसवाले_काका
टायर कोणते आहेत?

रविवारची_पद्मिनी
155/65 आर 14, दुकानात तेच होते.

ग्रीसवाले_काका
मग मीटर बिचारा खरं बोलतोय. पद्मिनीला मूळ 5.20-14 यायचे, त्याच्या जवळपास 155/80 बसतो (80 म्हणजे साइडची उंची, रुंदीच्या टक्क्यांत), त्याचा व्यास साधारण 604 मिलिमीटर. तुझा 557. चाक लहान म्हणजे तेवढ्याच अंतराला जास्त फेरे, केबल जास्त फिरते, मीटर 8 टक्के जास्त दाखवतो. 80 ला 74 म्हणजे गणित अगदी जुळलं. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर 10 किलोमीटर मोजून बघ, आकडे पण 11 च्या जवळ जातील. आकडे बरोबर आले आणि काटाच पुढे असला तरच मीटरवाल्याकडे जा. पुढच्या वेळी टायर घेताना उंच साइडचे घे.