एमएसमध्ये व्यायामाचा उपयोग होतो आहे की नाही, हे मोजावे कसे?

वहीवाला, नाशिक
नमस्कार. माझ्या 34 वर्षांच्या मुलीला पाच वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण झिजण्याचा आजार) निदान झाले. फेब्रुवारीपासून ती फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आठवड्यातून तीन दिवस सायकल व पायांच्या ताकदीचे व्यायाम करते. मी निवृत्त शिक्षक असल्याने नोंद ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने 25 फुटांच्या दोन रेघा आखल्या आहेत आणि ते अंतर तिला किती सेकंदांत चालता येते, हे मी मोबाइलवर मोजून वहीत लिहितो. फेब्रुवारीची सरासरी 8.1 सेकंद होती, एप्रिलमध्ये ती 8.9 झाली आहे. व्यायामाने तिची चाल मंदावते आहे, असा अर्थ घ्यावा काय? दर महिन्याला वही पाहून ती खचते, म्हणून विचारतो आहे.

फिजिओ_गंगापूर_रोड
काका, आपण निवडलेली चाचणी अगदी योग्य आहे. 25 फूट, म्हणजे 7.62 मीटर, शक्य तितक्या वेगाने पण सुरक्षितपणे चालायचे आणि दोन फेऱ्यांची सरासरी घ्यायची, ही एमएसमधील रूढ पद्धत आहे. मात्र या चाचणीत साधारण 20 टक्क्यांहून अधिक फरक पडला, तरच तो अर्थपूर्ण मानण्याचा प्रघात आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत हा उंबरठा सुमारे 1.6 सेकंदांचा होतो आणि आपला फरक आहे 0.8 सेकंदांचा. एवढा चढउतार झोप, थकवा किंवा चपला बदलल्यानेही होऊ शकतो.

दुसरे असे की, एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे झुकलेला असतो. मज्जातंतूंवरचे आवरण झिजले असेल, तर शरीराचे तापमान किंचित वाढले तरी संदेशवहन मंदावते आणि जुनी लक्षणे तात्पुरती डोके वर काढतात. 1890 मध्ये विल्हेल्म उथहॉफ यांनी व्यायामानंतर दृष्टी अंधुक होण्याची नोंद केली, त्यांच्याच नावाने हा प्रकार ओळखला जातो. याच भीतीपोटी पूर्वी एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळण्यास सांगत असत. शरीर थंड झाले की हा परिणाम ओसरतो, त्यामुळे त्याला इजा समजू नये. परंतु नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर वही बाजूला ठेवून न्यूरोलॉजिस्टला फोन करावा.

आपण मोजमाप दिवसाच्या कोणत्या वेळी घेता?

संथ_गोदा
मी स्वतः नऊ वर्षे एमएससह जगते आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते. काका, 25 फुटांत वेग दिसतो, दम दिसत नाही. माझा वेग व्यायामापूर्वी होता तेवढाच आहे. बदलले ते हे की, पूर्वी ओट्याशी उभे राहून पाच पोळ्या लाटल्या की पाय थरथरू लागत आणि खुर्ची ओढावी लागे, आता दहा-बारा होतात. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पूर्वी प्रत्येक बाकावर बसणारी मी आता एखादा बाक सोडते. दम मोजायला सहा मिनिटे चालण्याची चाचणी आहे आणि थकव्यासाठी 21 प्रश्नांची प्रश्नावलीही आहे, ती आपल्या फिजिओथेरपिस्टकडून भरून घ्यावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, राग मानू नये. वही आपल्या हातात आहे, तिच्या नाही. माझे वडीलही रोज स्टॉपवॉच घेऊन उभे राहत. त्यांना पाहिले की मी परीक्षेला बसल्यासारखी चालत असे.

फिजिओ_गंगापूर_रोड
ताईंच्या म्हणण्याला जुना आधार आहे. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेटाजान व सहकाऱ्यांच्या अभ्यासात रुग्णांनी 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा 40 मिनिटे एरोबिक व्यायाम केला. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 22 टक्क्यांनी वाढली, पण ईडीएसएस ही अपंगत्वाची 0 ते 10 गुणांची मोजपट्टी जागची हलली नाही. केवळ तीच मोजपट्टी वापरली असती, तर व्यायाम निरुपयोगी ठरला असता.

वहीवाला, नाशिक
दोघांचेही आभार. वही पुन्हा चाळली आणि ओशाळलो. फेब्रुवारीतल्या सर्व नोंदी सकाळी सातच्या आहेत. मार्चच्या मध्यापासून माझ्या शिकवणीमुळे त्या सायंकाळी सहाला घेतल्या गेल्या, आणि त्या वेळी पार्किंगचा पत्रा दिवसभर तापलेला असतो. गेले चार दिवस पुन्हा सकाळी मोजले: 8.3, 8.0, 8.2, 8.1. म्हणजे चाल मंदावलेली नाही आणि सुधारलेलीही नाही. सहा मिनिटांची चाचणी पुढच्या भेटीत करून घेऊ. खडूची रेघ आता पंधरा दिवसांतून एकदाच वापरायची, असे ठरले आहे.

वही मुलीकडे दिली. काल तिने तीत एकच ओळ लिहिली: पोळ्या 7, मग खुर्ची.